वापरलेला लॅपटॉप की नवाकोरा?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ला सुरक्षेची मोफत अपडेट देणे थांबवले. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतची मुदतवाढ ठेवली, बऱ्याच कंपन्यांनी मात्र थांबणे पसंत केले नाही. विंडोज ११ ज्यांवर बसत नव्हते अशी, आणि बसत असूनही बदलण्याची वेळ झालेली यंत्रे त्यांनी बाजूला काढली व त्यांचे लॉटच्या लॉट जुन्या मालाच्या बाजारात आले. त्याच सुमारास नव्या मालाच्या बाजूला उलटे घडत होते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरना लागणारी मेमरी बनवण्याकडे सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी आपली उत्पादनक्षमता वळवली आणि साध्या संगणकाची रॅम झपाट्याने महाग होत गेली. डिसेंबर २०२५मध्ये मायक्रॉनने ‘क्रुशियल’ हा ग्राहकांसाठीचा आपला ब्रँडच बंद करण्याचे जाहीर केले. जुना माल मुबलक झाला आणि नव्याचे भाव चढले. ‘सेकंड-हँड घ्यावा का?’ हा प्रश्न त्यामुळे आता बऱ्यापैकी कमावत्या घरांतही विचारला जातो.

तरी तो सर्वांत कळीचा होतो जून-जुलैत. अभियांत्रिकीची, बीसीएची प्रवेशयादी लागते; फी, वसतिगृह, मेस यांचा हिशेब मांडून झाल्यावर जे उरते त्यात लॅपटॉप बसवायचा असतो. नांदेड-सोलापूरकडून पुण्यात शिकायला येणाऱ्या अनेक मुलामुलींच्या घरातला हा पहिलाच संगणक असतो आणि चार वर्षांत दुसरा घेता येण्याची शक्यता नसते. अशा घरासाठी चुकीचा लॅपटॉप म्हणजे नुसता पैशाचा तोटा नाही, शिक्षणाचे एक सत्र हातचे जाऊ शकते. हा आढावा मुख्यतः त्यांना डोळ्यांसमोर ठेवून घेतला आहे.

जुन्या वस्तूंच्या बाजाराबद्दल अर्थशास्त्रात एक प्रसिद्ध निबंध आहे. जॉर्ज अकर्लोफ यांनी तो १९७०मध्ये वापरलेल्या मोटारींवर लिहिला आणि २००१च्या त्यांच्या नोबेल पुरस्काराच्या मुळाशी तेच काम होते. गाडीत काय बिघाड आहे हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा धास्तीने भाव पाडून मागतो. त्या भावात चांगली गाडी विकणे मालकाला परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो आणि मागे खराब गाड्या उरतात. कोणा अनोळखी माणसाचा घरगुती लॅपटॉप घेताना नेमकी हीच भीती असते. तो चांगला चालत असता तर त्याने विकला असता का?

कंपनीच्या मालाला मात्र हे गणित लागू होत नाही. मोठ्या कंपन्या लॅपटॉप बहुधा तीन-चार वर्षांच्या भाडेकरारावर घेतात किंवा तेवढ्या मुदतीनंतर ठरवून बदलतात. मुदत संपली की खणखणीत चालणारे आणि कुरकुरणारे असे सगळेच एकदम बाहेर पडतात. ते विकले जातात ते तारीख आली म्हणून. माझ्या मते सगळ्या निवडीत वजनदार मुद्दा हाच आहे. लॅपटॉप किती वर्षांचा आहे याआधी तो विकायला का आला आहे हे विचारावे.

दुसरी गोष्ट, कंपन्यांसाठी बनवलेले लॅपटॉप मुळातच वेगळे असतात. लेनोवोची थिंकपॅड टी मालिका, डेलची लॅटिट्यूड, एचपीची एलिटबुक ही यंत्रे शोरूमच्या काचेआड फारशी दिसत नाहीत, कारण ती हजारांच्या संख्येने थेट कंपन्यांना विकली जातात. शेकडो कर्मचाऱ्यांची यंत्रे सांभाळणाऱ्या विभागाला दुरुस्ती चटकन व्हायला हवी असते, म्हणून ती खोलायला सोपी असतात आणि त्यांची सर्व्हिस मॅन्युअल उत्पादक स्वतःच खुली ठेवतात. २०१८चा थिंकपॅड टी४८० घ्या. रॅमच्या दोन पट्ट्या काढता-घालता येतात, एक बॅटरी आत आणि दुसरी बाहेरून खटक्याने निघणारी, कीबोर्डवर पाणी सांडले तर ते खाली निघून जावे म्हणून वाट केलेली. त्याच वर्षीचे एलिटबुक ८४० जी५ आणि लॅटिट्यूड ७४९० हेही याच जातकुळीचे. नवे असताना सामान्य विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरची ही यंत्रे आज रिफर्बिश होऊन साधारण १५ ते २५ हजारांच्या पट्ट्यात मिळतात.

त्याच भावात नवे काय मिळते? कंपनीला एका ठरावीक किमतीत बसवायचे होते म्हणून सगळीकडे कात्री लावलेले यंत्र. जुलै २०२३मध्ये जिओबुक १६,४९९ रुपयांना बाजारात आले तेव्हा त्यात मोबाइलच्या जातीचा मीडियाटेक प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण होती आणि ते विंडोजवर नव्हे तर जिओच्या स्वतःच्या प्रणालीवर चालत होते. शाळकरी मुलाच्या ऑनलाइन तासापुरते ते ठीक. अभियांत्रिकीच्या मुलाला ऑटोकॅड उघडायचे असेल तर तिथेच थांबावे लागते. विंडोजवाल्या स्वस्त लॅपटॉपांत बरीच वर्षे सेलेरॉन एन४०२० हा दोन कोअरचा प्रोसेसर, बोर्डावरच डाखलेली ४ जीबी रॅम आणि ईएमएमसी साठवण हे त्रिकूट दिसत आले. ईएमएमसी म्हणजे फोनातल्यासारखी चिप. तीही बोर्डाला डाखलेली. रॅम वाढवता येत नाही, साठवण बदलता येत नाही. विंडोज आणि ब्राउझरची पाच-सहा पाने उघडली की यंत्र हँग होऊ लागते आणि त्यावर इलाज नसतो. अलीकडे परिस्थिती थोडी सुधारली आहे. २०२३मध्ये आलेला इंटेलचा एन१०० हा चार कोअरचा, फक्त ६ वॅटचा प्रोसेसर २०१८च्या आय५च्या जवळपास पोचतो आणि बॅटरीही कमी खातो. ८ जीबी रॅम आणि खरी एसएसडी असलेला एन१०० लॅपटॉप मिळाला तर हलक्या कामाला तो घ्यायला हरकत नाही. पण त्याचा पडदा, बिजागरी आणि कीबोर्ड कोणत्या दर्जाचे आहेत हे दुकानात हाताळूनच ठरवावे.

वापरलेल्या लॅपटॉपसाठी आज एक रेघ ओढता येते आणि तिच्या खाली जाऊ नये. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. एएमडीच्या लॅपटॉपांत ती रेघ साधारण रायझन ३००० मालिकेपाशी येते. दुकानदार ‘आय-फाइव्ह आहे, एकदम फास्ट’ असे म्हणतो त्यातून काहीच कळत नाही. २०११चाही आय५ आहे आणि २०२१चाही. पाहायचा तो पुढचा आकडा. आय५-७२००यू हा सातव्या पिढीचा, आय५-८२५०यू आठव्या. दहाव्या पिढीपासून पहिले दोन आकडे पाहावे लागतात, म्हणजे आय५-१०२१०यू दहावी आणि आय५-११३५जी७ अकरावी पिढी. सातवी आणि आठवी यांच्यातला फरक केवळ विंडोजच्या नियमाचा नाही. पातळ लॅपटॉपांतला आय५ सातव्या पिढीपर्यंत दोन कोअरचा होता. ऑगस्ट २०१७मध्ये आलेल्या आठव्या पिढीत तो चार कोअरचा झाला. सहाव्या-सातव्या पिढीचे यंत्र दोन-चार हजारांनी स्वस्त मिळते आणि ‘विंडोज ११ टाकून देतो’ असेही सांगितले जाते. नियमाला बगल देऊन ते टाकता येते, चालतेही, पण मायक्रोसॉफ्ट अशा यंत्रांना पुढच्या अपडेटची खात्री देत नाही. चार वर्षे काढायची असतील तर तेवढे पैसे वाचवू नयेत.

लिनक्स वापरण्याची तयारी असेल तर ही रेघ बरीच सैल होते. लिनक्स मिंटसारखी प्रणाली जुन्या यंत्रावरही नीट चालते आणि पायथन, सी, जावा शिकणाऱ्याला तिची सवय पुढे नोकरीत उपयोगीच पडते. मात्र महाविद्यालयात सॉलिडवर्क्स किंवा टॅली असेल तर विंडोजला पर्याय नाही. प्रवेश घेतल्यावर वरच्या वर्षाच्या मुलांना विचारून सॉफ्टवेअरची यादी हातात घ्यावी आणि मगच लॅपटॉप शोधायला निघावे.

आता पारखण्याविषयी. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, म्हणजे आजच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसला गेलात तर मालाला ए, बी, सी अशा ग्रेड लावलेल्या दिसतील. या ग्रेड बहुतेक वेळा वरच्या रूपाच्या असतात: ओरखडे किती, कोपरे चेपले आहेत का. आतल्या प्रकृतीशी त्यांचा संबंध असेलच असे नाही. झाकणावरचे ओरखडे मी तरी मनावर घेणार नाही. उलट बी ग्रेडचा माल त्याच पोटाचा आणि स्वस्त असतो. बिजागरी मात्र उघड-मीट करून पाहावी, कडकड वाजते का, पडदा अर्ध्यावर उभा राहतो का. पडद्यावर पूर्ण पांढरे आणि मग पूर्ण काळे चित्र लावून डाग शोधावेत. कीबोर्डवरची प्रत्येक कळ दाबावी. बाहेरदेशातून आलेल्या मालात जर्मन किंवा अरबी कीबोर्ड निघू शकतो, तेव्हा एंटरची कळ आणि चिन्हांच्या जागाही पाहून घ्याव्यात. टचपॅड मधोमध उचलला गेला असेल किंवा तळ टेबलावर सपाट बसत नसेल तर बॅटरी फुगलेली असण्याची शक्यता मोठी. असा लॅपटॉप कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये.

बॅटरीची प्रकृती कागदावर मिळते. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवर-सीएफजी या आज्ञेने बॅटरी रिपोर्ट काढता येतो. त्यात मूळ क्षमता आणि आजची पूर्ण भरल्यावरची क्षमता असे दोन आकडे शेजारी असतात. साध्या लिथियम-आयन बॅटऱ्या सुमारे ३०० ते ५०० वेळा भरून रिकाम्या झाल्या की मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंत उतरतात, म्हणून तीन-चार वर्षे वापरलेल्या यंत्रात ६०-७० टक्के हा आकडा बिघाडाचा नव्हे, वयाचा. नवी बॅटरी घालायला लागेल असे गृहीत धरूनच भाव करावा. एसएसडी किती तास चालली आहे तेही क्रिस्टल-डिस्क-इन्फो या मोफत प्रोग्रामने दिसते. रॅमचा एक सल्ला आताच्या काळापुरता: पूर्वी ८ जीबीचे यंत्र घेऊन नंतर पट्टी वाढवणे स्वस्त पडे, आता पट्टीच महाग झाली आहे. तेव्हा १६ जीबी असलेलाच लॅपटॉप थोडे जास्त देऊन घेणे बरे. बॅटरी, रॅम, चार्जर, एसएसडी असे सगळे वेगळे घालत बसलात तर चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला होतो, आणि तेवढ्यात नवा आला असता.

एक धोका बहुतेकांना ठाऊक नसतो आणि तो सर्वांत महागात पडू शकतो. कंपन्या आपली यंत्रे मायक्रोसॉफ्टच्या ऑटोपायलट किंवा तत्सम व्यवस्थेने दूरवरून नोंदवून ठेवतात. लॅपटॉप विकताना ती नोंद काढायची राहून गेली तर वरवर सगळे सुरळीत दिसते. पण सहा महिन्यांनी तुम्ही विंडोज नव्याने टाकता, इंटरनेट जोडता आणि पडद्यावर कोणत्या तरी कंपनीचे नाव येऊन तिथल्या कर्मचाऱ्याचा ईमेल मागितला जातो. विंडोज पुन्हा टाकून ही नोंद जात नाही, ती यंत्राच्या ओळखीशी बांधलेली असते. बायोसचा पासवर्ड हा दुसरा अडसर. ॲपलच्या यंत्रांत हेच काम ॲक्टिव्हेशन लॉक करते. यावर उपाय एकच, आणि तो दुकानातच करायचा: समोर बसून यंत्र रीसेट करायला लावावे, आपल्या फोनच्या हॉटस्पॉटवर जोडावे आणि पहिल्यापासून सुरू होऊ द्यावे. अर्धा-पाऊण तास जातो. दुकानदार कंटाळला तरी हलू नये. रीसेट करायला तो तयारच नसेल तर त्याचे कारण तुम्हाला कळले आहे.

बिल हवेच. वापरलेल्या मालावर दुकानदाराला जीएसटी पूर्ण किमतीवर नव्हे, खरेदी-विक्रीतल्या फरकावर भरता येतो, त्यामुळे ‘बिल केले तर १८ टक्के वाढतील’ हे सरसकट खरे नाही. बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्यावा. चोरीचा माल आहे अशी शंका येण्यासारखी परिस्थिती असूनही तो जवळ ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७खाली गुन्हा आहे. सिरीयल नंबर असलेले बिल हे तुमच्या प्रामाणिक खरेदीचे पहिले संरक्षण. हमीचेही तसेच. गल्लीतल्या दुकानात सात दिवसांची ‘टेस्टिंग वॉरंटी’ मिळते, चांगले रिफर्बिशर सहा महिने ते वर्षाची लेखी हमी देतात. त्या फरकासाठी हजार-दोन हजार जास्त मोजावेत, कारण बोर्ड गेला तर त्याच्या दुरुस्तीला त्याहून कितीतरी जास्त लागते.

नवा कुणी घ्यावा? बजेट ४५ हजारांच्या वर असेल तर माझा कल नव्याकडे आहे. तिथे आजचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम, दिवस काढणारी बॅटरी आणि घरी येऊन दुरुस्तीची वाढीव हमी असे सगळे एकत्र मिळू शकते. व्हिडिओ संकलन, वास्तुशास्त्राचे रेव्हिट, त्रिमिती ॲनिमेशन शिकणाऱ्यांनी वेगळे ग्राफिक कार्ड असलेला नवाच घ्यावा. वापरलेला गेमिंग लॅपटॉप बहुधा उष्णतेत भाजून निघालेला असतो. छोट्या व्यावसायिकाचा हिशेबही नव्याच्या बाजूने झुकतो. जीएसटी नोंदणी असेल तर नव्या संगणकावर भरलेला १८ टक्के कर इनपुट क्रेडिटने परत मिळतो, फरकावर कर भरणाऱ्या जुन्या मालाच्या दुकानातून तो मिळत नाही. शिवाय आयकराच्या हिशेबात संगणकाला ४० टक्के घसारा आहे. दुकानातली किंमत ५० हजार दिसली तरी व्यवसायाला प्रत्यक्षात पडणारी किंमत बरीच खाली येते.

यंत्र जागेवरून हलवायचे नसेल तर मेजावरचा संगणक अजूनही पैशाच्या मोबदल्यात सरस आहे. त्याच पैशांत मोठा पडदा, बदलता येणारे भाग आणि जास्त वर्षे मिळतात. कंपन्यांतून निघालेल्या वीतभर डब्यांना, लेनोवोच्या ‘टायनी’ आणि डेलच्या ‘मायक्रो’ला, दुकाने आणि क्लासेस उगाच पसंती देत नाहीत. पण गावाकडे, जिथे लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही, तिथे यूपीएसचा खर्च धरावा लागतो. लॅपटॉपच्या पोटातच बॅटरी असते. जुनी, तास-दीड तास टिकणारी असली तरी लिहिलेले वाया जात नाही. ग्रामीण घरासाठी हा एक मुद्दा बाकीच्या अनेकांवर मात करतो.

मॅकबद्दल थोडक्यात. नोव्हेंबर २०२०चा एम१ मॅकबुक एअर वापरलेल्यांत आजही उत्तम आहे, पण त्याची रॅम आणि साठवण कधीच वाढत नाही, तेव्हा घेताना जेवढी आहे तेवढ्यावर चालवावे लागेल. इंटेलवाला मॅकबुक कितीही देखणा असला तरी आता घेऊ नये. २०२५ची मॅकओएस टाहो ही इंटेलच्या मॅकवर चालणारी शेवटची प्रणाली आहे.

आपल्याकडच्या एका व्यवसायात मात्र जुने यंत्र मुद्दाम सांभाळले जाते, आणि ते योग्यच आहे. मराठी अक्षरजुळणीत वर्षानुवर्षांचे काम पेजमेकरच्या फायलींत आणि युनिकोडपूर्व फाँटांत अडकलेले आहे. पेजमेकरची शेवटची मुख्य आवृत्ती २००१ची. पुस्तकाची जुनी फाइल उघडून तिची नवी आवृत्ती काढायची तर जुने विंडोज, जुने फाँट आणि तेव्हाची लिपी-प्रणाली यांचा संच एकत्र लागतो. अशा प्रकाशकाने जुना संगणक इंटरनेटपासून तोडून ठेवावा, फायलींच्या प्रती दुसरीकडे काढाव्यात आणि रोजच्या कामासाठी वेगळे यंत्र घ्यावे.

पर्यावरणाचा तराजू स्पष्टपणे वापरलेल्याच्या बाजूने आहे. लॅपटॉपच्या पूर्ण आयुष्यातल्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा भाग तो कारखान्यात बनतानाच झालेला असतो, वापरातल्या विजेचा वाटा त्यामानाने कमी, असे उत्पादक कंपन्यांचे स्वतःचे अहवालही दाखवतात. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी रिफर्बिशरना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करायला लावून या धंद्याला अधिकृत जागा दिली. यंत्र आणखी चार वर्षे चालले तर दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत हाताने फोडल्या जाणाऱ्या बोर्डांच्या ढिगात ते तेवढे उशिरा पोचते.

या बाजाराची दुसरी बाजू आपल्या कपाटांत आहे. नवा लॅपटॉप आल्यावर जुना बहुतेक घरांत तसाच पडून राहतो, वर्षा-दोन वर्षांत त्याची बॅटरी मरते आणि मग तो कुणाच्याच कामाचा राहत नाही. तो पहिल्या महिन्यातच विकावा किंवा गरजूला द्यावा. देण्याआधी फायलींची प्रत काढून घ्यावी, आपल्या मायक्रोसॉफ्ट किंवा ॲपल खात्यातून ते यंत्र वगळावे, रीसेट करताना ‘ड्राइव्ह पुसा’ हा पर्याय निवडावा आणि सोबत मूळ चार्जर व मूळ बिलाची प्रत द्यावी. बॅटरी रिपोर्टचा कागद छापून यंत्रासोबत ठेवला तर घेणाऱ्याला भाव पाडून मागण्याचे कारण उरत नाही आणि विकणाऱ्यालाही योग्य किंमत मिळते.